ओळखीचा प्रश्न

कासारे मॅडमना फोन केला की आधी काहीच ऐकू येत नसे. रिंग थांबायची, फोन उचलला गेल्याचं कळायचं आणि पलीकडे नुसती शांतता. आपण हॅलो हॅलो करून, नाव सांगून, कामाचं बोलायला लागलो की मग आवाज यायचा, "सकाळी माझ्याकडून तुम्ही काय मागून नेलंत?" स्टेपलर, असं उत्तर दिलं की मॅडम मोकळेपणाने बोलायला लागत. याला त्या ओळखीचा प्रश्न म्हणत. नाव कुणीही सांगतो, आवाज कुणीही काढतो, पण सकाळी स्टेपलर कुणी नेला हे नेणाऱ्यालाच ठाऊक असतं, असं त्यांचं शास्त्र होतं. कुणी चिडून फोन आपटला तर त्यांना वाईट वाटत नसे. ज्याला गरज असेल तो परत करेल, म्हणत.

त्यांच्या यजमानांनी एकदा वीर स्टेशनवरून फोन केला. गाडीतून उतरले होते, हातात सामान होतं आणि घरी कुणी आहे का एवढंच विचारायचं होतं. मॅडमनी विचारलं, घराची जादा चावी कुठल्या खिळ्याला असते? आता तो खिळा मॅडमनी त्याच आठवड्यात बदलला होता. यजमानांनी जुना खिळा सांगितला आणि मॅडमनी फोन ठेवून दिला. ते बिचारे रिक्षा करून महाडात घरी आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बायकोशी बोलले नाहीत. हा किस्सा मॅडम वर्गात स्वतःच सांगत, आणि आपण बरोबर होतो असंच त्यातून सिद्ध करत.

मी त्याच केंद्रात व्यक्तिमत्त्व विकास शिकवायचो. म्हणजे मुलाखतीला जाताना शर्ट खोचावा आणि समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं, इतकंच. हा विषय अभ्यासक्रमात होता म्हणून मी तिथे होतो. खरा अभ्यासक्रम मॅडमचा. सरकारला त्या सुमारास वाटू लागलं होतं की देशात संगणकांची राखण करणारी माणसं फार कमी आहेत आणि ती खेड्यापाड्यांतून तयार करावीत. त्यासाठी योजना निघाली. शिकणाऱ्याला फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन आणि एसटीचा पास. शिकवणाऱ्या संस्थेला अनुदान, पण हप्त्याहप्त्याने. मुलं परीक्षेत पास झाली की एक हप्ता, नोकरीला लागली की पुढचा, आणि गावोगाव सायबर सुरक्षेची जनजागृती केली की शेवटचा. आमच्या संस्थेने महाडात एका हार्डवेअरच्या दुकानावर मजला भाड्याने घेतला, संगणक मांडले आणि पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांवरून मुलं गोळा केली. एरवी पिशवी उचलून मुंबई गाठणारी पोरं आणि बारावीनंतर घरात स्थळाची वाट बघत बसवलेल्या पोरी. अर्धी मुलं विद्यावेतनासाठीच येत, हे मॅडमना माहीत होतं. "पैशासाठी या, मला राग नाही," त्या पहिल्याच दिवशी सांगत. "पण आलात की शिकल्याशिवाय जिना उतरू देणार नाही."

मॅडम ठेंगण्या होत्या. खांद्याला काळी पर्स, आणि त्या पर्सच्या चेनला एक चिमुकलं कुलूप. डब्यात नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी. चटणी सगळ्यांना वाटत, पण तिच्यात काय काय घातलंय ते विचारलं की सांगत नसत. कुणीही पासवर्ड टाइप करायला लागला की त्या ताबडतोब भिंतीकडे तोंड करून उभ्या राहत. सगळ्या वर्गालाही त्यांनी ही सवय लावली होती. एकदा योजनेचे एक अधिकारी तपासणीला आले, मॅडमच्या संगणकावर बसले आणि आपला पासवर्ड टाकायला लागले. तर अख्खा वर्ग एकदम उठला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला. साहेबांना वाटलं, विद्यावेतन थकलं म्हणून बहिष्कार घातलाय. ते घाईघाईने म्हणाले की पुढच्या आठवड्यात नक्की जमा होईल. आणि गंमत म्हणजे ते झालंही.

आम्ही मुलांना घेऊन हिरकणीवाडीला गेलो होतो, गडाच्या रोपवेला आलेल्यांना पत्रकं वाटायला. जेवायला एका बाईंच्या गवताच्या झापाखाली बसलो. पिठलं-भाकरी खाऊन पैसे द्यायच्या वेळी मॅडमनी खांबावरचा चौकोनी कोड मोबाइलने टिपला आणि पडद्यावर आलेलं नाव मोठ्याने वाचून बाईंना विचारलं, हे तुम्हीच ना? त्या नाही म्हणाल्या. कुणीतरी त्यांच्या कोडवर आपला कोड चिकटवून गेला होता आणि सकाळपासूनच्या गिऱ्हाइकांचे पैसे भलत्याच माणसाकडे जात होते. मॅडमनी नखाने वरचा कागद खरवडून काढला, पोलिसांना फोन लावून दिला आणि मग मुलांना घेऊन ओळीतल्या प्रत्येक टपरीचा कोड तपासला. त्या दिवशी त्यांचा चेहरा असा फुलला होता की परतताना आम्ही सगळेच ताठ चालत होतो. आपण फुकट पगार घेत नाही, असं मलाही पहिल्यांदाच वाटलं.

पुढचं सगळं झालं ते या अभिमानातूनच झालं, असं मला वाटतं.

मॅडमचं माहेर खडपवाडी. पोलादपूरहून आंबेनळी घाटाची वाट धरली की मध्येच एक कच्चा रस्ता वर जातो, तिथली बौद्धवाडी. वाडीतून खाली येऊन महाडच्या कॉलेजात शिकलेली पहिली मुलगी म्हणजे मॅडम. लहानपणी आई कायम आजारी, म्हणून शेजारच्या घरी जेवणं व्हायची. ते घर भागाबाईंचं. नात्याने लांबची, पण मॅडम तिला आते म्हणत आणि आईपेक्षा कणभर जास्तच मानत. भागाआतेचा मुलगा मुंबईत, ही एकटी वाडीत. मुलगा घराचं छप्पर नव्याने घालायला म्हणून तिच्या खात्यात पैसे टाकत असे.

खडपवाडीची एक रीत होती. वाडीतून कुणीही पोलादपूरला उतरायला निघालं की म्हातारीकोतारी आपापली एटीएम कार्डं त्याच्या हातात देत आणि चार आकडे तोंडी सांगत. तो पैसे काढून आणे, वर औषध, चहापावडर, मिठाची पुडी. मॅडमही माहेराहून परतताना, पुढच्या खेपेला आणून द्यायचं कबूल करून, अशी कार्डं घेऊन येत. वर्गात मात्र त्या याच रीतीवर तुटून पडायच्या. मोडायची तर ती आपल्या वाडीपासून मोडायची, असं त्यांनी ठरवलं. जनजागृतीचा हप्ता राहिलाच होता.

त्यासाठी त्यांनी एक सराव काढला. मुलांनी बँकेतून बोलतोय असं सांगून खडपवाडीला फोन करायचे आणि एटीएमचा तो चार आकडी नंबर काढून घेता येतो का बघायचं. नंतर सभा घ्यायची, फसलेल्यांना कसे फसलात ते समजावायचं. सरपंचांची परवानगी घेतली होती. मुलांनी फोन केले आणि एकही माणूस फसला नाही. कुणी शिव्या दिल्या, कुणी फोन ठेवला, एका आजोबांनी आमच्या पोराला तुझ्या आयशीला फोन दे म्हणून सांगितलं. खरं तर ही आनंदाची गोष्ट. वाडीला काही शिकवायची गरज नव्हती, पण मग सभेत सांगायचं काय? मॅडम वैतागल्या. तुम्हाला बोलताच येत नाही म्हणाल्या, आणि फोन स्वतःकडे घेतला.

आवाज थोडा जाड करून, बँकेतून बोलतेय म्हणत त्यांनी एकेक फोन लावला आणि एकेक जण नंबर सांगत गेला. एकानेही का म्हणून विचारलं नाही. मुलं अवाक झाली. मॅडम फोन ठेवून म्हणाल्या, बघा, चोर असा गोड बोलतो. आम्हाला कुणालाच तेव्हा उमगलं नाही की वाडीने पहिल्या शब्दालाच नंदाचा, म्हणजे मॅडमचा, आवाज ओळखला होता. नंदा बँकेचं नाव का घेते कुणास ठाऊक, पण मागतेय म्हणजे तिला लागत असेल. तिच्या हातात कार्डसुद्धा देतो आपण. भागाआतेने तर नंबर सांगून झाल्यावर, जेवलीस काय गो, असंही विचारलं होतं. मॅडमनी त्याला उत्तर दिलं नाही, कारण बँकेची बाई देणार नाही.

सभा वाडीच्या समाजमंदिरात झाली. मागे योजनेचा फ्लेक्स, पुढे सरपंच, फोटो काढायला आमचा मुलगा. मी पहिल्या रांगेत. मॅडमनी माइक घेतला आणि ज्यांनी नंबर सांगितले त्यांना एकेक नाव घेऊन उभं केलं. लोक हसत होते. पहिली दोन-तीन माणसंही हसत हसतच उभी राहिली. मग भागाआतेचं नाव आलं. ती पदराचं टोक हातात धरून उठली आणि म्हणाली, "तुझा आवाज वळखला म्हणून सांगितला गो."

सगळं समाजमंदिर हसलं. मॅडमही हसल्या आणि माइकवर म्हणाल्या की आते, आवाजावर कधी जायचं नाही, आवाज कुणीही काढतो. टाळ्या पडल्या. नेमका तेव्हाच फोटो निघाला. उभी भागाआते, समोर हसणाऱ्या मॅडम, मागे खळखळून हसणारं गाव. फोटो इतका छान आला होता की तो मोठा करून केंद्राच्या भिंतीवर लावला गेला. हप्ता वेळेवर मिळाला.

त्यानंतर काही महिन्यांनी भागाआतेला एक फोन आला. या खेपेला खऱ्या चोराचा. तो माणूस म्हणाला, तुमचा एटीएमचा नंबर फुटलाय, तुम्ही तो कुणाला तरी सांगितला होतात. आता खातं बंद करायला लागेल, नाहीतर मी सांगतो तसं करा. असं ते सगळ्यांनाच म्हणतात, आम्ही वर्गात शिकवायचो ते. पण भागाआतेने खरंच सांगितला होता. गावासमोर तिच्यावर तो शिक्का बसला होता. तिला वाटलं, बघ, बातमी बँकेपर्यंत गेली. तिने तो म्हणाला तसं केलं, मोबाइलवर आलेले आकडे वाचून दाखवले आणि छपराचे पैसे गेले.

फसल्याचं तिला त्याच दिवशी कळलं होतं. खात्यात काही उरलं नाही असा निरोप मोबाइलवर आला, तो तिने शेजारच्या शाळकरी मुलीकडून वाचून घेतला होता. पण ती कुणाशी काही बोलली नाही. पुढल्या महिन्यात शेजारची रंजना रीतीप्रमाणे तिचं कार्ड घेऊन पोलादपूरला गेली आणि रिकाम्या हाताने परत आली, तेव्हा वाडीला कळलं. रंजनाने मॅडमना फोन केला. ओळखीचा प्रश्न विचारायचं मॅडमना त्या दिवशी सुचलं नाही.

मी त्यांना स्कूटरवरून वर घेऊन गेलो. वाटेत त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, पहिल्या तासात कळवलं असतं तर पैसे अडवता आले असते, एवढं साधं आहे, पहिल्या तासात. ओट्यावर आते बसली होती. मॅडमनी तिचे हात धरले आणि विचारलं, "आते, त्याच दिवशी मला का नाय सांगितलंस?"

"परत उभी केली असतीस," आते म्हणाली.

ती हे रागाने म्हणाली नाही. हात सोडवून घेतले, उठली, आत गेली आणि दाराला कडी घातली. मॅडम त्या दारासमोर उभ्या होत्या. मला दुसरीकडे कुठे बघावं ते कळेना. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती आणि स्वतःची त्याहून जास्त.

केंद्रात आल्या आल्या मॅडमनी तो फोटो भिंतीवरून काढला. तक्रार केली, बँकेत खेटे घातले, आतेच्या मुलाला मुंबईत फोन करून सगळं सांगितलं. तो त्यांना लागेल असं काही बोलला नाही, याचंही त्यांना लागलं. पैसे परत आले नाहीत. छप्पर घालून द्यायची तयारी मॅडमनी दाखवली, तर आतेने रंजनाकरवी निरोप पाठवला की नंदाने माझ्या घराला हात लावू नये.

त्यानंतरच्या मॅडम वेगळ्या होत्या. फोनवरची शांतता तशीच, कुलूपही तसंच, पण वर्गातला तोरा गेला. नव्या तुकडीचा पहिला दिवस पूर्वी व्हायरस आणि पासवर्डपासून सुरू व्हायचा. आता त्या आधी खुर्ची ओढून मुलांच्या पातळीवर बसत आणि सांगत, माझ्या आतेला मी गावासमोर लाजवलं, म्हणून ती चोराच्या हाती लागली आणि म्हणूनच तिने कुणाला सांगितलं नाही. नाव, गाव, सगळं सांगत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते सोसेना. मधल्या सुट्टीत मी म्हणालो की मॅडम, मुलांसमोर एवढं कशाला? त्या म्हणाल्या, "तिचं गावासमोर झालं. माझं निदान वर्गासमोर होऊ दे."

त्यांची एक विद्यार्थिनी नवी मुंबईत नोकरीला लागली. मोठ्या कंपनीच्या संगणकांवर रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या खोलीत. तिला सोडायला आम्ही वीरला गेलो होतो. आईने शिदोरी दिली, मी शर्ट खोचण्यासारखंच काहीतरी सांगितलं. मॅडम एवढंच म्हणाल्या की तिथे कुणाच्या हातून चूक झाली आणि तो सांगायला आला, तर आधी त्याला बसव, पाणी दे. कशी झाली ते मागाहून विचार.

जिल्ह्याच्या बैठकीत मात्र त्यांची फजितीच झाली. खडपवाडीचा सराव वरच्या साहेबांना फार आवडला होता. सगळ्या तालुक्यांत तो करावा असं ठरत होतं आणि मॅडमना कौतुकासाठी उभं केलं. मॅडमनी तिथेच सांगितलं की हा सराव चुकीचा आहे, यात माणसाची लाज जाते, आणि लाजलेला माणूस तक्रार करत नाही. साहेबांनी मान डोलावली, मुद्दा चांगला आहे म्हणाले, लिहून पाठवा म्हणाले. मॅडमनी लिहून पाठवलं. योजनेची पुस्तिका छापून आली तेव्हा तिच्यात सराव होता, फोटो होता, मॅडमनी लिहिलेलं काही नव्हतं. पुस्तिकांचा गठ्ठा केंद्रात आला, तो मॅडमनी उघडला, पान बघितलं आणि त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. कुणी पासवर्ड टाकत नव्हतं. तरी मुलं एकेक करून उठली आणि तशीच उभी राहिली.

त्या वर्षी मॅडम दर रविवारी खडपवाडीला जात राहिल्या. आता अनुदान नव्हतं आणि फोटोही नव्हते. रंजनाच्या अंगणात बायका जमायच्या आणि मॅडम त्यांना ओळखीचा प्रश्न शिकवायच्या. नाव विचारू नका, आवाजावर जाऊ नका, जे फक्त त्याला आणि तुम्हाला ठाऊक ते विचारा. आणि फसलात तर त्याच क्षणी ओरडून सांगा, हसणाऱ्याला माझ्याकडे पाठवा. रंजनाचं अंगण आतेच्या भिंतीला लागून होतं. ते अंगण का निवडलं हे सगळ्यांना कळत होतं. मॅडम जरा मोठ्यानेच बोलायच्या. आते कधी बाहेर आली नाही.

मग योजनेची मुदत संपली. संगणक गाडीत घालून नेले, हार्डवेअरवाल्याने वरच्या मजल्यावर पाण्याच्या टाक्या रचल्या. मॅडमना दुसऱ्या जिल्ह्यात काम मिळालं. जायच्या आधीच्या रविवारी मला म्हणाल्या, मला एकदा वर सोडाल का? मी स्कूटर काढली.

त्या दिवशी त्या रंजनाकडे गेल्याच नाहीत. सरळ आतेच्या दाराशी गेल्या आणि कडी वाजवली. छपरावर जुनीच कौलं होती, मध्ये निळा प्लास्टिकचा कागद. मी ओट्याच्या खाली, स्कूटरपाशी उभा होतो. आतून आवाज आला, कोण म्हणून.

"मी नंदा, आते."

"आवाज कुणी पण काढतो."

मॅडमनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मला वाटलं, आता परत फिरावं लागणार. आत भांड्याचा आवाज झाला, मग पावलं दाराजवळ आली.

"नंदा असशील तर सांग. माझा नाव घेऊन मला उभी कुणी केली?"

"मी केली."

"हसला कोण?"

"गाव हसलं," मॅडम म्हणाल्या. "मी पण हसले, आते."

आतली कडी निघाली. भागाआतेने दार अर्धवट उघडून मॅडमकडे नीट बघितलं, मग माझ्याकडे, मग परत मॅडमकडे.

"तूच हायस," ती म्हणाली. "जेवलीस काय गो?"

मॅडमनी मानेनेच नाही म्हटलं. चपला काढल्या, त्या नीट जोडून ओट्यावर ठेवल्या आणि वाकून आत गेल्या. मी खालीच थांबलो.